इंजिन खोलण्याआधी पाणी शोधा: कोकणातल्या जुन्या छोट्या डिझेल गाडीसाठी

मालक मुंबईला, गाडी गावाला. मे महिन्यात आणि गणपतीत ती चालते, बाकीचं वर्ष पडवीशेजारी ताडपत्रीखाली उभी असते. मग ऐन चतुर्थीच्या तोंडावर ती चालूच होत नाही, किंवा चालू होऊन अंगणभर पांढरा धूर करते. गॅरेजवाला बॉनेट उघडतो, दोनदा सेल्फ मारतो आणि म्हणतो, "काका, इंजिन काम निघालंय." खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या आसपास जातो आणि चांगली गाडी भंगारात जाते.

हे थांबावं असं मला मनापासून वाटतं. किनाऱ्यावरच्या जुन्या डिझेलचं दुखणं बहुतेक वेळा पिस्टन-रिंगमध्ये नसतं. ते पाण्यात असतं. टाकीत साचलेलं पाणी, रेडिएटरमध्ये ओतलेलं विहिरीचं पाणी, खाऱ्या हवेतला ओलावा आणि कधी पुराचं पाणी. इंजिन खोलायचा निर्णय त्यानंतरचा.

आधी कोणत्या इंजिनांबद्दल बोलतोय ते स्पष्ट करतो. 1998 च्या अखेरीस आलेल्या टाटा इंडिकाचं 1405 सीसीचं साधं डिझेल, त्याच सुमारास झेनमध्ये आलेलं प्यूजोचं 1527 सीसीचं, ॲम्बॅसेडरचं 1489 सीसीचं. या सगळ्यांत डिझेलचा पंप यांत्रिक आहे. डिझेल थेट सिलेंडरात न पडता हेडमधल्या, म्हणजे सिलेंडरांवरच्या झाकणातल्या, एका लहान कप्प्यात फवारलं जातं आणि तिथून पेट घेत बाहेर येतं. तुमची गाडी कॉमन रेलची, म्हणजे सगळ्या सिलेंडरांचं डिझेल एकाच सामायिक नळीत प्रचंड दाबाखाली ठेवणारी असेल, उदाहरणार्थ 1248 सीसीचं मल्टिजेट किंवा इंडिकाचं डायकॉर, तर पाइप सैल करून एअर (डिझेलच्या नळ्यांत अडकलेली हवा) काढण्याची जी कृती खाली सांगितली आहे ती त्यावर अजिबात करू नका. तिथे डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो आणि ती धार कातडी फोडून आत शिरते.

सतरा सीसीचा हिशोब

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापेल आणि वर फवारलेलं डिझेल आपोआप पेटेल, एवढंच त्याचं तत्त्व. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड गरम लागतं ते याच कारणाने.

इंडिकाच्या चार सिलेंडरांपैकी एकाची क्षमता 1405 भागिले 4, म्हणजे साधारण 351 सीसी. या प्रकारच्या इंजिनांचं कंप्रेशन, म्हणजे हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण, 22 ला 1 च्या आसपास असतं. गणित मांडलं तर पिस्टन पूर्ण वर गेल्यावर हवेला उरते जेमतेम 17 सीसी जागा. स्वयंपाकघरातला मोठा चमचा 15 सीसीचा असतो. म्हणजे अख्ख्या सिलेंडरातली हवा एका चमच्याएवढ्या जागेत कोंबली जाते. इंजिन धडधाकट असेल तर तिचं तापमान पाचशे अंशांच्या पुढे जातं. डिझेलला पेटायला त्याच्या निम्म्याहून कमी पुरतं.

हा आकडा लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे. तूर्तास त्यातून एक गोष्ट कळते. कोकणात हिवाळा असा नसतोच. ज्या हवेपासून आपण सुरुवात करतो तीच मुळी पंचवीस-तीस अंशांची असते. त्यामुळे कंप्रेशन चांगलं असलेली गाडी इथे सुरू करताना आतली हवा तापवणाऱ्या चारपैकी दोन हीटर प्लग मेलेले असतानाही चालू होते आणि मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. उलट, मे महिन्याच्या दुपारीही गाडी चालू होत नसेल तर नुसत्या हीटर प्लगना दोष देऊन भागत नाही. डिझेल पोचतंय का आणि सेल्फ जोरात फिरतोय का, हे आधी पाहा.

डिझेलमध्ये पाणी, डिझेलमध्ये हवा

अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी ठेवली की टाकीतल्या रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री थंड होते आणि आतल्या बाजूला दव धरतं. ते ओघळून तळाला जातं, कारण पाणी डिझेलपेक्षा जड. पत्र्याची टाकी असेल तर तिथे गंज सुरू होतो. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात त्या पातळीवर सूक्ष्म जीव वाढतात आणि काळपट, बुळबुळीत थर तयार होतो. हाच थर फिल्टर चोंदवतो.

तपासणं सोपं आहे. फिल्टरच्या बुडाशी पाणी काढायचा स्क्रू असतो. त्याखाली लोणच्याची स्वच्छ काचेची बरणी धरा आणि अर्धा पेला डिझेल सोडा. बरणी ओट्यावर अर्धा तास हलवू नका. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो आणि दोन्हींच्या मधे बऱ्याचदा तांबूस किंवा काळी रेघ असते. असं दिसलं तर नवा फिल्टर घालून गप्प बसू नका. टाकी उतरवून धुवून घ्या, नाहीतर तो नवा फिल्टरही थोड्याच दिवसांत तसाच होईल.

याची एवढी काळजी का करायची? या गाड्यांच्या रोटरी पंपाला वेगळं ऑइल नसतं. त्यातून जाणारं डिझेलच त्याचं वंगण. आतल्या भागांमधली फट मायक्रॉनमध्ये मोजतात. तिथे पाणी पोचून गाडी उभी राहिली की गंजाचा बारीकसा डागही पंप अडवायला पुरतो. मग पंप उतरवून त्याची जुळणी करणाऱ्या कॅलिब्रेशनवाल्याकडे न्यावा लागतो. चालू असलेल्या पंपाला मात्र उगाच हात लावू देऊ नका.

आता हवेबद्दल, कारण "इंजिन बसलंय" म्हणून सोडून दिलेल्या गाड्यांत हा दोष मी सगळ्यांत जास्त पाहिला आहे. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ढकललं जात नाही, खेचलं जातं. त्यामुळे त्या वाटेवरच्या रबरी नळीला चीर पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. खाली थेंबही दिसत नाही. रात्रभरात त्या चिरेतून हवा घेत डिझेल मागे टाकीत उतरतं. सकाळी सेल्फ मारमारून बॅटरी बसते आणि एकदा चालू झालेली गाडी दिवसभर कुरकुर करत नाही. खाऱ्या दमट हवेत नळ्यांचे क्लिप गंजतात, इंजिनाच्या उष्णतेने रबर कडक होतं, आणि डिझेल फवारणाऱ्या नोझलवरच्या परतीच्या बारीक नळ्या तर बोटाने वाकवल्या की तडकतात.

यावर एक युक्ती आहे. फिल्टर आणि पंप यांच्यामधल्या नळीच्या जागी वीतभर पारदर्शक, डिझेलला टिकणारी नळी तात्पुरती बसवा. गाडी चालू करून तिच्याकडे पाहात राहा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे गेले तर चालतं. पण मुंग्यांच्या रांगेसारखे बुडबुडे येतच राहिले तर हवा आत येतेय हे नक्की. मग टाकीकडून एकेक सांधा बदलत या. हा खर्च नळी आणि क्लिपांचा आहे, इंजिनाचा नाही.

सांधे नीट झाले की एअर काढायची. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करा आणि हातपंप दाबत राहा. फेसाळ डिझेल बंद होऊन सलग धार आली की स्क्रू आवळा. तरीही गाडी धरत नसेल तर नोझलकडचे पाइपचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा. तिथे डिझेल उसळू लागलं की एकेक आवळा. यांत्रिक पंपाचा दाबही शंभर बारच्या वर असतो, तेव्हा सुटलेल्या धारेसमोर बोट किंवा तोंड नेऊ नका.

एक शंका बरेच जण विचारतात. 1 एप्रिल 2020 पासून देशभर जे बीएस-6 डिझेल मिळतं त्यात गंधक 10 पीपीएमच्या (दहा लाख भागांत दहा भाग) आत आहे. ते जुन्या पंपाला चालतं का? चालतं. गंधक काढताना डिझेलचा मुळातला ओशटपणा कमी होतो, पण तो भरून काढायला रिफायनरीतच मिश्रण घालतात. फक्त वर्षानुवर्षं जुन्या डिझेलमध्ये मुरलेले पंपाचे रबरी सील नव्या डिझेलने आक्रसून पाझरायला लागू शकतात. सील किट बदललं की ते थांबतं. पंपाला ताकद यावी म्हणून रॉकेल मिसळायची पद्धत मात्र सोडा. रॉकेल डिझेलपेक्षा कोरडं असतं आणि पंपाचा जीव घेतं.

हीटर आणि अर्थिंग

हीटर प्लग तपासायला बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प पुरतो. प्लगांना जोडणारी पट्टी काढा, लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला लावा आणि दुसरी प्लगच्या टोकाला टेकवा. लॅम्प लागला तर प्लग बहुधा जिवंत, नाही लागला तर मेला.

पण किनाऱ्यावर प्लगांआधी अर्थिंग बघायची सवय लावा. चार प्लग मिळून पन्नासेक अँपिअर ओढतात आणि सेल्फ त्याच्या कितीतरी पट. हा सगळा करंट बॉडीपासून इंजिनापर्यंत गेलेल्या एका विणलेल्या पट्टीतून परत येतो. खाऱ्या हवेत तिच्या टोकांखाली हिरवट-पांढरी भुकटी धरते. वरून नट घट्ट असतो, आत स्पर्शच नसतो. मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर पट्टी काढा, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकचकीत घासा, आवळा आणि वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावा. सेल्फ मंद फिरला की हवा दाबली जाता जाता गळते, तापत नाही, आणि कंप्रेशन गेल्यासारखी सगळी लक्षणं दिसतात.

घाट आणि विहिरीचं पाणी

कोकणातून वर देशावर जायचं तर आंबा, कुंभार्ली, फोंडा, करूळ, आंबोली यांसारखा एखादा घाट चढावाच लागतो. सपाटीवर वर्षभर लपलेलं थंडाव्याचं दुखणं तिथे अर्ध्या तासात उघडं पडतं.

रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी ओतू नये. खाडीकाठच्या विहिरींना क्षार उतरतात आणि क्लोराइडचं पाणी ॲल्युमिनियमचं हेड आतून पोखरतं. कूलंट आणि बॅटरीवाल्याकडे मिळणारं शुद्ध पाणी निम्मं-निम्मं घाला आणि कूलंटच्या डब्यावर दिलेल्या मुदतीत बदला. रेडिएटरची बाहेरची बाजूही पाहा. समुद्राजवळच्या गाडीत खालच्या बाजूच्या जाळीला नखाने हलकेच खरवडलं की पिठासारखा भुगा हातात येतो. नळ्या शाबूत आणि जाळी गेलेली असा रेडिएटर गळत नाही, पण उष्णताही टाकत नाही.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. माझा तिला पूर्ण विरोध आहे. थर्मोस्टॅटशिवाय डिझेल इंजिन धड तापतच नाही. अर्धवट जळलेलं डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, आणि रोजच्या पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑइलमधला ओलावा उडून जात नाही. नवा थर्मोस्टॅट काही शे रुपयांत येतो.

ऑइल भरायच्या झाकणाखाली पावसाळ्यात मलईसारखा पांढरट थर दिसला की लगेच "हेड गॅस्केट गेलं", म्हणजे हेड आणि ब्लॉकमधली सीलची पट्टी फुटली, असं ठरवू नका. कमी चालणाऱ्या गाडीत तो नुसता ओलावा असू शकतो. गाडी चांगली तीस-चाळीस किलोमीटर पळवा आणि पुन्हा पाहा. गॅस्केट खरंच गेलेलं असेल तर कूलंट सतत कमी होतं, गाडी चालू असताना त्यात बुडबुडे येतात, आणि थंड इंजिन चालू केल्यावर थोड्याच वेळात रेडिएटरची नळी दगडासारखी कडक होते.

हेड उतरवलंच, तर इथे ते सतरा सीसी कामाला येतात. डिझेलची हेड गॅस्केट वेगवेगळ्या जाडीची असतात आणि त्यांच्या काठावर जाडीची खूण म्हणून खाचा किंवा भोकं असतात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती डोकावतं ते डायल गेजने मोजून त्याप्रमाणे गॅस्केट निवडायचं असतं. 75 मिलिमीटर व्यासाच्या सिलेंडरात गॅस्केट फक्त 0.1 मिलिमीटर जाड झालं तरी जागा सुमारे 0.44 सीसीने वाढते आणि कंप्रेशन 22 वरून साडेएकवीसवर येतं. पातळ घातलं तर पिस्टन व्हॉल्व्हला टेकायची भीती. म्हणून जुनं गॅस्केट फेकू नका, त्याच्या खाचा मोजून घ्या. हेडचा तळ सपाट करणाऱ्या फेसिंगवाल्याने ते किती कापलं तेही विचारून लिहून ठेवा.

पुरात गेलेली गाडी

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. त्यांतल्या कितीतरी इंजिनांना पाण्याने मारलं नसेल, पाणी ओसरल्यावर फिरवलेल्या चावीने मारलं असेल. पिस्टनच्या डोक्यावर फक्त 17 सीसी जागा आहे. पाणी दाबलं जात नाही. दोन मोठे चमचे पाणी सिलेंडरात असताना सेल्फ मारला तर पिस्टन मधेच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

बुडालेल्या गाडीची आधी बॅटरी काढा. ऑइलचा बोल्ट सोडा. पाणी तळाला असल्यामुळे तेच आधी येतं आणि मागून ऑइल. हीटर प्लग किंवा नोझल काढून इंजिन पुढच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून हाताने, नेहमीच्या फिरण्याच्या दिशेने, सावकाश फिरवा. भोकांतून पाणी पिचकारीसारखं उडतं. ते थांबलं की प्रत्येक भोकातून चमचाभर ऑइल घाला, पुन्हा फिरवा. एअर फिल्टर, टाकी, डिझेल फिल्टर सगळं रिकामं करा. नवं ऑइल घालून गाडी थोडी चालली की तेही काढून पुन्हा नवं भरा. हे पहिल्या दोन-तीन दिवसांत केलं तर इंजिन वाचतं. आठवड्याने रिंगा सिलेंडरला चिकटलेल्या असतात.

खोलायचंच असेल तर

एवढं सगळं पाहूनही गाडी निळा धूर मारत असेल, ऑइल खात असेल, ऑइलचं झाकण उघडल्यावर भकाभका वाफ फेकत असेल, तर कंप्रेशन मोजा. डिझेलसाठीचा गेज हीटर प्लगच्या भोकात बसतो. चांगल्या इंजिनात साधारण 25 ते 30 बार येतात. चारही सिलेंडर थोडे कमी पण एकसारखे असतील तर मी इंजिनाला हात लावणार नाही. एकच सिलेंडर पाच-सहा बारने खाली असेल तर तिथे व्हॉल्व्ह, रिंग किंवा गॅस्केट नक्की गेलंय.

त्याआधी नोझल मात्र टेस्टरवर तपासून घ्या. निरोगी नोझल टर्र असा आवाज करत धुक्यासारखा फवारा मारतं, खराब नोझल थेंब गाळतं. काळा धूर आणि ठोके हे बऱ्याचदा त्या थेंबांचे असतात. नोझल परत बसवताना खालचे वॉशर नवेच घाला. मासेमारी बंदरांच्या आसपास पंप-नोझलचे चांगले कारागीर मिळतात, कारण ट्रॉलरची इंजिनंही डिझेलचीच.

टायमिंग बेल्टची (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्याची) गाडी असेल आणि बेल्ट कधी बदलला ते कुणालाच माहीत नसेल, तर त्याला ताण देणाऱ्या टेन्शनरसकट आधी तो बदला. तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि मग खरोखर इंजिन काम निघतं.

इंजिन उघडायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. जुलैत बोअर करून धुतलेल्या सिलेंडरवर जेवून येईपर्यंत तांबूस झाक चढते. कामाचा प्रत्येक टप्पा संपताच ऑइलचा हात फिरवून वर कापड घालणारा मिस्त्री गाठा. त्याचं गॅरेज लहान असलं तरी चालेल.

उभी करताना आणि उठवताना

मुंबईला परतताना टाकी काठोकाठ भरा, म्हणजे दव धरायला जागाच उरत नाही. बॅटरीचा मायनस काढा. कुंभारमाशी मातीचं घर करायला बारीक भोकं शोधत असते, त्यामुळे हवेच्या नळीच्या आणि सायलेन्सरच्या तोंडाला कापड बांधा आणि ते बांधलंय अशी चिठ्ठी स्टिअरिंगला अडकवा. शेजाऱ्याला "अधूनमधून पाच मिनिटं चालू करा" असं सांगू नका. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही, नुसता ओलावा साचतो. महिन्याने एकदा वीस-पंचवीस किलोमीटर चालवणारा कुणी असेल तर उत्तम, नाहीतर गाडी शांतपणे उभी राहू द्या.

बऱ्याच महिन्यांनी उठवताना कापडं काढा, उंदरांनी वायरी कुरतडल्यात का पाहा, फिल्टरमधलं पाणी सोडा, इंजिन हाताने दोन फेरे फिरतंय याची खात्री करा. मग पंपावरच्या, डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या झडपेची) वायर काढून सेल्फ मारा. वायर नसताना डिझेल जात नाही, इंजिन नुसतं फिरतं आणि ऑइल वरपर्यंत चढतं. डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझला की वायर जोडा, हीटरचा दिवा जाईपर्यंत थांबा आणि चालू करा. पहिल्या मिनिटाला ॲक्सिलरेटर दाबू नका. त्या दिवशी गाडी महामार्गावर नेऊन काटा मध्यावर येईपर्यंत चालवा, आणि घरी आल्यावर गरम असतानाच ऑइल आणि त्याचा फिल्टर बदला. नवं ऑइल दोन दिवसांत काळं दिसेल. जुन्या डिझेलमध्ये ते काजळीमुळे होतंच, त्यासाठी पुन्हा बदलायची गरज नाही.